सोनपेठच्या कोंबड्या

मार्गशीर्ष शुद्ध ५, मंगळवार

कोंबड्या आल्या! ना विचारणं, ना पुसणं. सटवाजीभावजींनी सोनपेठहून गाडीत घालून आणल्या. एक लाल, एक काळी, पाय चिंधीनं बांधलेले. म्हणले, "गोजरवयनी, कडूबाईनं धाडल्यात."

कडूबाई म्हणजे माझी सवत. रझाकारांच्या धामधुमीत हे सोनपेठला गेले ते तिच्याकडंच राहिले. इथं वालूरात मी एकली. नऊ वर्सं! औंदा आश्विनात तिकडंच वारले. मला तोंडबी बघायला मिळालं न्हाई.

अन् आता हिचा निरोप — "मी ऊसतोडीच्या टोळीत चालले. कोंबड्या ठेवून घ्या. मला ठेवा म्हणत न्हाई."

म्हणून तर बघ!

चंपाषष्ठी, बुधवार

खंडोबाला भरीत-रोडगा केला. ह्यांना माझ्या हातचं भरीत लय आवडायचं. तिला जमत होतं का न्हाई, कुणास ठावं.

दोघींना चुलीभोवती फिरवलं. नवं जनावर आणलं की फिरवायचं, मग ते जुनं घर विसरतं. उलटं व्हायला पाहिजे होतं — माणसाला फिरवलं असतं तर गेला नसता!

माझ्या कोंबड्यांना अन् त्या दोघींना, सगळ्यांनाच चुलीची राख चोळली, वास एक व्हावा म्हणून. मग दोघींना डालग्याखाली झाकलं. माझी ठिपकी मान फुगवून डालग्याभोवती फिरायलीय. फिर बाई. तुझा राग मला कळतो.

शुद्ध ८, शुक्रवार

सोडल्या. ठिपकीनं लालीच्या डोक्यातून रगतच काढलं. मेली! बाकीच्याबी धावल्या. दोघी जाऊन कुंपणावर बसल्या.

दिवस मावळायला "आ आ आ" करून जवारी टाकली. माझ्या आल्या. ह्या दोघी बघतबी न्हाईत. बहिऱ्या हायत का काय? धरून धरून कोंडल्या. दंडावर ओरखडे.

शुद्ध १०, रविवार

आजबी तेच. गुडघे गेले माझे.

शुद्ध १२, मंगळवार

काळीला मुंगसानं नेलं. हाका मारून घसा बसला, उतरलीच न्हाई. कुंपणाखाली नुसती पिसं.

लय रडले. कोंबडीसाठी कुणी एवढं रडतं का!

सटवाजीभावजी बाजाराला आले होते. त्यांना धरलं. "तिकडं ह्या कोंबड्यांना बोलवायचं तरी कसं?"

खालीच बघायले. "जाऊ द्या, वयनी."

"बोला की! तोंडात काय धरलंय?"

"दादाच बोलवायचा. कोंबडी कोणतीबी असो, हाक एकच. गोजरे म्हणायचा."

सुपातली जवारी सुपातच राहिली.

"अन् तिला ठावं होतं, हे नाव कुणाचं ते?"

"ठावं होतं की. दादा गेल्यावर तीच मारायलीय ती हाक. अगदी त्याच्यावानी."

शुद्ध १३, बुधवार

दिवसभर कामात चित्त न्हाई. सांजच्याला पुढचं दार लावलं, कुणी ऐकू नये म्हणून. परसात गेले. म्हणलं — गोजरे.

लाजच वाटली. सोताचंच नाव सोताच घ्यायचं!

लालीनं मान तिरपी केली. उतरली न्हाई. हे शेवटाला आवाज लांबवायचे. मधीच कुठंतरी हसायचे. कुठं, ते आठवत न्हाई. नऊ वर्सं जपलं अन् आता आठवत न्हाई! शेवटी काठीनं हुसकून कोंडली.

भावजी पहाटं सोनपेठला निघायलेत. त्यांना सांगून ठेवलं — कडूबाईला म्हणावं, टोळीत जाऊ नको. इकडं ये.

कोंबडीसाठी! दुसरं काही न्हाई.

पौर्णिमा, शनिवार

कडूबाई आली. बोचकं काखेत घेऊन परसाच्या कवाडात उभी. मी पाठमोरी, शेणी थापायले. लाली कुंपणावर. तिनं तिथूनच हाक मारली.

लाली उतरायच्या आधी माझ्याच तोंडून निघालं — ओ!