वाट बंद करू नका

काउंटी कॉर्क, आयर्लंड
रविवार, १४ ऑक्टोबर २०१८

प्रिय सरिता,

फोन केला की तुझ्याऐवजी तुझा नवरा दत्तात्रय बोलतो, मेसेज केला की तू नुसता अंगठा पाठवतेस. म्हणून आज कागद घेऊन बसले. अक्षर जरा तिरपं जातंय, पण लागेल तुला. ज्ञानेशची आज रविवारची पाळी आहे, रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात. रेवा मैत्रिणीकडे गेली आहे. घरात मी, माझं शिलाई मशीन आणि रॅकवर वाळत घातलेले कपडे. बाहेर पाऊस. इथे पाऊस ही काही बातमी नाही, उगाच सांगितलं.

माझं मनगट गेल्या वर्षी मोडलं एवढंच तुला माहीत आहे. कसं मोडलं ते मी सांगितलं नाही, तूही फार विचारलं नाहीस. आज सगळं सांगते.

आमच्या गावात एक ओढा आहे. मोठा रस्ता, चर्च, शाळा, चार-पाच पब ओढ्याच्या एका बाजूला आणि आमच्यासारख्यांची नवी घरं दुसऱ्या बाजूला. मधून झाडीतली एक पायवाट जाते, ओढ्यावरच्या दगडी पुलावरून. गाडीरस्त्यानं गेलं तर मोठा वळसा पडतो, या वाटेनं गेलं की पाच मिनिटांत घर. २०१४ साली आम्ही आलो तेव्हा घर दाखवणाऱ्या माणसानं या वाटेचंच कौतुक केलं होतं. गाव शांत आहे, इथे काही घडत नाही, यू'ल बी ग्रँड. 'ग्रँड' म्हणजे इथे थाटामाटाचं नव्हे गं, 'ठीक' म्हणायचं असेल तरी ग्रँडच म्हणतात. मी कपडे अल्टर करायला घेते हे तुला माहीत आहे. शाळेचे स्कर्ट, पँटींची लांबी, पडदे. दिलेले कपडे घेऊन त्या वाटेनं माझी रोज ये-जा असायची.

नोव्हेंबर होता. तेव्हा इथे दुपारचा चहा होईस्तोवर अंधारून येतं. नूआलाचा कोट द्यायला निघाले होते. नूआला म्हणजे ओढ्यापलीकडची माझी गिऱ्हाईक, सत्तरी उलटलेली, विधवा, गावातल्या प्रत्येकाची आजी-पणजी ओळखणारी. ती घरी नव्हती, म्हणून कोट पिशवीत घालून परत फिरले. पुलाखाली काही पोरं-पोरी उभ्या होत्या. पाठीत काहीतरी फुटलं. अंडं. मी वळले नाही. तेवढ्यात एक मुलगी समोर आली, रेवापेक्षा जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठी, असेल चौदा-पंधराची. तिनं पिशवीचा बंद धरला. मी सोडला नाही. का सोडला नाही ते अजून कळत नाही मला, नूआलाचा कोट होता म्हणून असेल. ती 'गो होम' म्हणाली, पुढे एक घाणेरडा शब्द म्हणाली आणि मला ढकललं. मी दगडी कठड्यावर आपटले. शाळेत असताना खो-खोत आपण किती वेळा पडलो असू, गुडघ्यांवर कधी कातडं राहिलं नाही. पण तेव्हा पडलं की कुणीतरी हात द्यायचं. इथे मागून हसण्याचा आवाज आला आणि मग पळणाऱ्या पावलांचा. कोट दुसऱ्या दिवशी ओढ्यात सापडला.

त्यानंतरचा हिवाळा मी घरात काढला. उजवा हात प्लास्टरमध्ये, मशीन बंद. इथल्या मराठी ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. संध्याकाळी बाहेर पडू नका. सलवार-कमीज घालून फिरू नका. रस्त्यात फोनवर मराठीत मोठ्यानं बोलू नका. टिकली लावू नका. सगळी भली माणसं, काळजीपोटीच लिहीत होती. पण वाचता वाचता मला वाटायला लागलं, गुन्हा माझाच होता आणि ही त्याची शिक्षा आहे. ज्ञानेशनं दाराला कॅमेरा लावला. मला कुठे जायचं असेल तर तो गाडीनं सोडायचा आणि काम होईपर्यंत गाडीत बसून राहायचा. त्याला मी काय म्हणणार? त्याचा चेहराच उतरला होता. पोलीस, म्हणजे गार्डा, घरी येऊन जबाब घेऊन गेले. नीट वागले. हवालदार म्हणाला, असं इथे होत नाही, तुमचं नशीब वाईट.

मार्चमध्ये मोठा बर्फ पडला. सगळं आयर्लंड घरात कोंडलेलं, दुकानांत पाव मिळेना. बर्फ वितळला तशी गल्लीतली मुलं बाहेर धावली. रेवा मात्र खिडकीशीच उभी. तिला म्हटलं, जा ना गं खेळायला. तर तिच्या त्या कॉर्कचे हेल काढलेल्या इंग्रजीत मला विचारते, "आई, आपल्याला बाहेर जायची परवानगी आहे का?" तिला बाहेर जायला मी कधीच मनाई केली नव्हती. माझ्याकडे बघून तिची तीच शिकली होती.

सरिता, मला असा राग कधी आला नव्हता. त्या मुलीचा नव्हे, माझा. बूट चढवले, रेवाचा हात धरला आणि दोघी त्या वाटेनं निघालो. भर दुपार, लख्ख ऊन. तरी माझी मान ताठली होती. पुलाखाली कुणी नव्हतं. पलीकडे नूआलाच्या दाराशी पोचलो. तिनं आत नेऊन चहा दिला. बोलता बोलता म्हणाली, "माझा नवरा गेल्यापासून अंधार पडल्यावर मीही त्या वाटेला गेलेली नाही." या गावात जन्मलेली बाई. मग ती आणखी नावं घ्यायला लागली: चर्चमधली अमुक, शाळेतली तमुक. कुणीच जात नाही. वळसा घालतात, नाहीतर जातच नाहीत. आणि सगळ्या एकमेकींना सांगतात, गाव शांत आहे.

एप्रिलात कम्युनिटी हॉलमध्ये गावाची सभा झाली. पायवाटेला दोन्ही टोकांना फाटकं बसवून अंधार पडायच्या आत कुलूप लावायचं, असा प्रस्ताव होता. ज्ञानेश म्हणाला, चांगलंच आहे की. मी सभेला गेले. गार्डाचा सार्जंट उठून म्हणाला, घाबरायचं कारण नाही, वर्षभरात त्या वाटेवर फक्त एकच घटना नोंदली गेली आहे. लोकांनी माना डोलावल्या.

माझं इंग्रजी तुला माहीत आहे. आधी मनात मराठीत मांडायचं, मग एकेक शब्द उचलून ठेवायचा. पण उठले. म्हटलं, "ती एक घटना मी आहे." मग मी विचारलं, अंधार पडल्यावर त्या वाटेनं कोण कोण जातं, हात वर करा. कुत्रं फिरवणाऱ्या एका माणसानं हात वर केला. बाकी एकही नाही. मी म्हटलं, तिथे गुन्हे कमी आहेत कारण तिथे माणसंच नाहीत. आणि आता तुम्ही कुलूप लावणार. ते नक्की कुणाला लावताय? ज्यांनी मला पाडलं ती पोरं फाटकावरून उडी मारतील. कोंडली जाणार मी आणि नूआला. वाट बंद करू नका. दिवे लावा.

खाली बसले. नूआला माझ्या शेजारीच होती. ती उठली आणि इतकंच म्हणाली, "ही बरोबर बोलते आहे, आणि हे आपल्याला इथे येऊन चारच वर्षं झालेल्या बाईनं सांगावं लागलं." मग मागून एक बाई उठली, मग आणखी एक. तासभर बायका बोलत होत्या. कुणाचा पाठलाग झाला होता, कुणाच्या मुलीला पुलाखाली अडवलं होतं. यांतलं एकही पोलिसांच्या दप्तरी नव्हतं. सार्जंट लिहून घेत होता. भला माणूस, त्याचे कान लाल झाले होते. कुलपाचा प्रस्ताव बारगळला. परतताना ज्ञानेशनं गाडी आमच्या दाराशी थांबवली. मग म्हणाला, "मला तुझी भीती वाटते आणि तुझ्यासाठीही." मी म्हटलं, दोन्ही वाटू दे.

सभेनंतरच्या मंगळवारी अंधार पडल्यावर मी आणि नूआला निघालो, तिच्या हातात गुरांच्या गोठ्यात न्यायचा भला मोठा टॉर्च. पुढच्या मंगळवारी चौघी झालो. आता बऱ्याच जणी येतात, पावसात तर हटकून येतात. पुलाखालून शिट्टी आली की नूआला टॉर्च थेट तोंडावर मारते आणि पोराला त्याच्या आजीच्या नावानं हाक मारते. नागपूरच्या गल्लीत चालायचं ते आयर्लंडातही चालतं बघ.

मेमध्ये ती मुलगी सापडली. इथे लहान वयाच्यांना थेट कोर्टात उभं करत नाहीत, आधी समज देतात. तिला समोर बसवून बोलायची माझी तयारी आहे का, असं मला विचारलं. ज्ञानेश नको म्हणाला. मी हो म्हटलं. लायब्ररीच्या वरच्या खोलीत ती, तिची आई, एक गार्डा अधिकारी आणि मी. तिचं नाव सांगायचं नाही असा नियम आहे, म्हणून लिहीत नाही. बाही बोटांपर्यंत ओढून बसली होती. कागदावरून माफी वाचली. आई रडत होती. मी म्हटलं, कागद राहू दे. मी पडले तेव्हा तुला काय वाटलं ते सांग. तिनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही उठाल." मी म्हटलं, उठले. पण तू 'घरी जा' म्हणालीस ना? मी घरीच चालले होते. पुलाच्या पलीकडे माझं घर आहे.

तेव्हा तिनं पहिल्यांदा वर बघितलं. मग मी तिला माझं नाव, पद्मजा, म्हणायला लावलं. इथली नावं लिहितात एक आणि म्हणतात भलतंच, तिचंही तसंच होतं. म्हटलं, तुझं नाव मी शिकले, आता तू माझं शीक. 'पॅडमॅजा' म्हणाली. मी म्हटलं, पुन्हा. जमेपर्यंत उठू दिलं नाही. माफ केलं का, असं अधिकाऱ्यानं नंतर विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही, थंडीत मनगट अजून ठणकतं. पुढे एकदा ती दुकानात दिसली, मान खाली घालून निघून गेली. मीही हाक मारली नाही. सगळंच काही सिनेमासारखं होत नाही.

दिवे पुलापर्यंतच लागलेत. पुढच्या दिव्यांसाठी आम्ही काउंसिलच्या मागे लागलो आहोत. ऑगस्टमध्ये आमच्या घोळक्यावर पुन्हा एक अंडं आलं, कुणालाच लागलं नाही. मी आता एकटीही जाते. टिकली लावून, फोनवर माझ्या बहिणीशी मराठीत बोलत. मागे पाऊल वाजलं की मान अजूनही ताठते. ती बहुतेक ताठतच राहील. रेवा शाळेतून त्याच वाटेनं येते आणि मी तिला घ्यायला जात नाही. दाराशी उभी राहते, एवढं मात्र खरं.

आता हे सगळं आजच का लिहिलं ते सांगते. परवा नितेशचा फोन आला होता. तुझा मुलगा रडत नाही हे मला माहीत आहे, पण त्याचा आवाज बरा नव्हता. तुमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर मोटरसायकलवाल्यांनी तुझ्या गळ्यातली साखळी ओढली, तू फरफटत गेलीस, हे त्यानं सांगितलं. होळीनंतरची गोष्ट, आणि मला दिवाळीच्या तोंडावर कळतेय. तेव्हापासून तू जिना उतरलेली नाहीस, भाजी शेजारची आणते, आणि लोकांना तू सांगतेस की गुडघे दुखतात. सरिता, आपल्या संघाची कप्तान तू होतीस, मी नव्हे. पण ते जुनं काढून मी तुला लाजवणार नाही, कारण माझाही सबंध हिवाळा गेला घरात. आम्ही डिसेंबरात नागपूरला येतोय. तोवर माझी वाट बघत बसू नकोस. हे पत्र संपलं की खाली जा. एकटी नको, दत्तात्रयला घेऊन जा. कोपऱ्यापर्यंतच जा, आणि तो कोपरा ओलांडून एक पाऊल पुढे टाक. भीती वाटेल. मी तुला धीर धर म्हणत नाहीये. धीर नंतर येतो गं. आधी चपला घाल.

तुझीच, अजून तितकीच हट्टी,
पद्मजा