बुरशीबद्दल विचारा

मॅडम, काल आमच्या उन्हाळी प्रशिक्षणाची तुकडी घरी गेली. ती या वर्षापुरती शेवटची की कायमची, हे मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही. वरच्या मजल्यावर विचारलं की "बघू" म्हणतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी थकले की मी अजून तुमच्याशीच बोलते.

हे प्रशिक्षण तुम्ही पाहिलं नाहीत. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही अशी बीएस्सीची मुलंमुली पाड्यांवरून, तांड्यांवरून पुण्यात येतात आणि सुट्टीभर आमच्या प्रयोगशाळेत खरं संशोधन करायला शिकतात. सुरुवातीला सगळी भिंतीला चिकटून उभी असतात, स्टुलावर बसायचीही परवानगी मागतात. मीही तशीच तुमच्या कॉलेजात आले होते, ऊसतोड कामगारांची मुलगी. मग नारायण पेठेतलं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही पिठलं ढवळताय, दुसऱ्या हातात मी काढलेला आलेख आहे. "प्रयोग एकदाच केलास?" मी हो म्हणते. "मग रांगोळी म्हणून हे छान आहे. विज्ञान म्हणून उद्या परत कर. आता ताट घे." मी रडवेली होऊन जेवते, आणि तुम्ही न विचारता दुसऱ्यांदा भात वाढता.

यंदा गडचिरोलीकडची एक मुलगी होती. तिच्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे. आम्ही तिला त्याच आजाराच्या कामावर घेतलं. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, ते तिने मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ डोळा काढला नाही. मग एवढंच म्हणाली, "म्हणून दुखते त्याला." तिच्या भागात एका झाडाचा पाला या दुखण्यावर देतात. त्या पाल्याच्या अर्काने पेशी वाकायच्या थांबतात का, हे तिने तपासायला घेतलं.

शेवटी मुलांनी पैसे देणाऱ्या पाहुण्यांसमोर बोलायचं असतं. त्या पाहुण्यांवरच पुढचं वर्ष अवलंबून. आमच्याकडे प्रसिद्धीचं काम बघणारा तरुण मला म्हणाला, "मॅडम, तिने भावाची स्टोरी सांगितली ना, तर हॉल रडेल. पुढच्या वर्षीचं टेन्शनच नाही." मी इतकी दमले होते की मला ते पटलं. कॅन्टीनमध्ये तिच्यासमोर बसून मी विचारलं. तिने पोह्यांची प्लेट बाजूला सारली. "भाऊ माझा आहे जी, मॅडम. प्रयोग आपला दोघींचा आहे. मी प्रयोगाचं सांगते."

आणखी एकदा म्हटलं असतं तर ती नाही म्हणाली नसती. पण मला आपल्या कॉलेजातला तो दिवस आठवला. बाहेरचे पाहुणे आले होते आणि प्राचार्य मला पुढे ढकलत होते. "हिचे आईवडील ऊस तोडतात बरं का. बोल ग, सांग." मी जमिनीकडे बघत होते. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "ऊस ते तोडतात. हिने बुरशी वाढवली आहे. बुरशीबद्दल विचारा." मग पाहुण्यांना बुरशीबद्दल विचारावंच लागलं, आणि माझा आवाज मला पहिल्यांदा नीट ऐकू आला.

मी त्या तरुणाला कळवलं, ती प्रयोगावरच बोलेल.

ती बोलली. निम्मं इंग्रजीत, निम्मं मराठीत. "अर्काने पेशी कमी वाकल्या. पण अर्क ज्यात विरघळवला, ते द्रावक नुसतं टाकलं तरी तेवढ्याच कमी वाकल्या. म्हणजे औषध सापडलं नाही. आमची पद्धत बदलावी लागेल." कोणी रडलं नाही. टाळ्या बेताच्या पडल्या आणि लोक चहाकडे वळले. एक वयस्कर डॉक्टर तेवढे थांबले आणि तिला दुसरं कोणतं द्रावक वापरशील म्हणून विचारत राहिले. तो तरुण माझ्याशी अजून तुटक बोलतो. प्रशिक्षण बंद पडलं तर ते कोणामुळे, हे त्याने मनात ठरवून टाकलंय.

तुम्ही माझ्या घराबद्दल कधी एक शब्दही विचारला नाहीत. त्यात माझा मान राखणं होतं, हे आता कळतं. पण मॅडम, ते पाहुणे आले त्या वर्षी माझी आई उसाच्या फडावर आजारी पडली होती, आणि कोणी ऐकत नसताना तुम्ही एकदा तरी विचारावं असं मला फार वाटायचं. काल त्या मुलीला बसवर सोडायला मी गेले. आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं. मी विचारलं, "भाऊ कसा आहे ग?" ती जी बोलायला लागली, ती बस हलेपर्यंत बोलत होती.

इथे मी तुमच्यासारखं वागले नाही, आणि त्याचं मला बरं वाटलं. तुम्ही असतात तरी हे पत्र टपालात टाकायचा धीर मला झाला नसता.