ऑपरेशन मोठंच पाहिजे

सोलापूर, ५ ऑगस्ट

ति. दादास,
सुकन्याचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम लिहितेय. फोन केला की तुझी सून पायल तो स्पीकरवर टाकते आणि मग तुझ्या पोटाविषयी मी सगळ्या आळीशी बोलत बसते.

तुझा सोनोग्राफीचा रिपोर्ट इथल्या डॉक्टरांना दाखवला. पित्ताशयात खडे आहेत. त्यातला एखादा नळीत घसरला तर कावीळ होईल आणि मग सगळंच अवघड होऊन बसेल, असं ते म्हणाले. म्हणून आत्ताच पित्ताशय काढून टाकायचं. दुर्बिणीनं करतात, पोटाला चार बारीक भोकं पाडतात, दोन दिवसांत घरी सोडतात. हे सगळं पायलनं तुला सांगितलं, तर तू विचार करून सांगतो म्हणालास. तू विचार करायला बसलास की मला धडकी भरते. आई-आबा गेले, वहिनी गेल्या. मला माहेर म्हणून आता तूच उरलायस, एवढं ध्यानात ठेव.

तेलकट खाऊ नकोस. इंद्रजीतला आणि पायलला आशीर्वाद. तुझी माया अशीच राहू दे.

तुझी,
सुकन्या


माढा, ११ ऑगस्ट

चि. सौ. सुकन्या हिस,
जोतीरामचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ऑपरेशनला माझी ना नाही. पण दुर्बिणीनं नको. मला चांगलं पोट कापून पाहिजे.

कारण सांगतो, हसू नकोस. आपल्या आळीतल्या धुळाप्पाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा शहाळी घेऊन मी मोहोळला गेलो होतो. मायाक्काच्या अपेंडिक्सला बिस्किटांचे पुडे नेले. ज्ञानबाच्या मूळव्याधीला तर दिवसभर बसून होतो. त्या बिचाऱ्याला बसता येत नव्हतं, म्हणून त्याच्या वाटणीचंही मीच बसलो. आता माझी पाळी आली, तर म्हणे दोन दिवसांत घरी. मग लोकांनी यायचं कधी? पहिला दिवस कळण्यात जातो, दुसरा गाडी ठरवण्यात. तिसऱ्या दिवशी मी आपला ओट्यावर तंबाखू मळत बसलेला. भोकं दाखवायला जावं तर डास चावलाय म्हणतील. कापलं म्हणजे कसं, आठ दिवस दवाखाना, टाके, उशाशी माणसं.

खरं सांगू? तुझी वहिनी गेल्यापासून माझ्याकडे म्हणून कोणी येत नाही. येतात ते इंद्रजीतच्या ट्रॅक्टरसाठी. आपल्यासाठी कोण येतं ते मला एकदा डोळ्यांनी बघायचंय.

पोट अधूनमधून दुखतं, पण सोसण्यासारखं आहे. जावईबापूंना रामराम. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा,
दादा


सोलापूर, १७ ऑगस्ट

ति. दादास,
सुकन्याचा शि. सा. न. वि. वि.

लाज गुंडाळून डॉक्टरांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आजवर सगळ्यांनी भोक लहान पाडा म्हणून सांगितलं, मोठं मागणारा हा पहिलाच, असं म्हणाले. गरज पडली तर कापतोच, पण पाहुण्यांच्या सोयीसाठी कापत नाही, हेही सांगितलं.

पत्र लिहिलंस त्याच्या आदल्या रात्री तू कळ येऊन जमिनीवर लोळलास, हे तू लिहिलं नाहीस. पायलनं सांगितलं. दादा, तुझ्या या हट्टापायी तू जीव घालवलास तर सगळं गाव येईल, पण ते बघायला तू नसशील. म्हणून मीच तोडगा काढलाय. ऑपरेशन दुर्बिणीनंच, पण निरोप आठ दिवस आधी. पायलला फोन केला, तो नेहमीप्रमाणे स्पीकरवर होता, तेव्हा निरोपाचं काम झालेलं आहे. माणसं आणायला आळीतला बिरुदेव त्याची पिकअप काढणार आहे. आता गुपचूप ये.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
सुकन्या


सोलापूर, १ सप्टेंबर

ति. दादास,
सुकन्याचा शि. सा. न. वि. वि.

तू काल सकाळी घरी गेलास. तोंड पाडून गेलास ते मी बघितलं. दोन दिवसांत कोणी फिरकलं नाही म्हणून मलाही वाईट वाटलं. पण माणसं आली होती रे. पिकअप वाटेत पंक्चर झाली आणि ती सगळी तू गेल्यावर दुपारी पोचली.

मी राहिलेला डबा आणायला गेले, तर तुझ्या खाटेभोवती उभं राहायला जागा नाही. खाटेवर अक्कलकोटकडचे शिवयोगी नावाचे गृहस्थ, अपेंडिक्सचे. एकटेच आलेले. चादर घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मायाक्कानं तू समजून त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडायला सुरुवात केली. ते वळले तेव्हा सगळ्यांना घोटाळा कळला. तरी कोणी हलेना. एवढं लांब आलोय, आन् पेशंटला न इचारता जायाचं बरं दिसत न्हाय, असं धुळाप्पाचं म्हणणं पडलं. ज्ञानबानं त्यांना आपली मूळव्याध सुरुवातीपासून सांगितली. त्यांना कानडीच जास्त येतं, पण ते मान डोलवत होते आणि डोळे पुसत होते. नर्सबाईंनी हात टेकले.

निघताना मी तुझ्या घरी जायला सुचवलं. तर धुळाप्पा म्हणाला, जोतीराम घरला गेलाय म्हंजी बरा हाय की, मग आता कशाला भेटायचं.

रागावू नकोस. जड उचलू नकोस. मला विसरू नकोस.

तुझी,
सुकन्या


माढा, २३ सप्टेंबर

चि. सौ. सुकन्या हिस,
जोतीरामचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आठ दिवस मी कोणाशी बोललो नाही. इतकी वर्षं शहाळी वाहून जोडलेली माणसं, ती एका परक्या अपेंडिक्सवर खर्ची पडली. वर मायाक्का मला रस्त्यात गाठून सांगते, पेशंट लई गोड माणूस हाय.

कालच्या आधीच्या रविवारी दारात शिवयोगी उभे. अक्कलकोटहून एस.टी. बदलत आलेले, हातात केळी आणि कडक भाकऱ्यांची चवड. मोडक्या मराठीत म्हणाले, माणसं आली ती तुमच्या नावानं, म्हणून भेट फेडायची ती तुम्हालाच. मग आम्ही सदरे वर करून भोकं बघितली. त्यांची तीन, माझी चार, तेव्हा मानानं मी मोठा. दुपारभर ते कानडीत बोलले, मी मराठीत. पायलनं दोनदा चहा केला. त्यांच्या घरीही कोणी नाही, एवढं मला कळलं. फार बरं वाटलं बघ. इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

जाताना त्यांनी सांगितलं, जितकी माणसं आली तितके रविवार मी येणार. पिकअपमध्ये किती जण होते, हेही विचारलं. मी नीट आठवून सांगितलं, की पिकअप दोन होत्या. काल रविवारी ते परत आलेही, म्हणून तू मध्ये काही बोलू नकोस.

लोभ ठेव. माहेराला ये, पण रविवार सोडून ये. रविवारी माझ्याकडे माणूस येतो.

तुझा,
दादा