विटांची पाचवी ओळ

बुधवार, २ एप्रिल

नोकरीचा पहिला दिवस, आणि मी कुठेही न धडपडता पार पाडला! अकरा वर्षं चपलांच्या दुकानात लोकांचे पाय बघितले, आता तोंडं बघायची. सकाळी सातला पेरुजाहून बस, दिवसभरात तीन डोंगरगावं, मधे जेवण, सहाला परत. आजचे पाहुणे म्हणजे फोलिन्योच्या एका चर्चमधली पेन्शनर मंडळी. बस सुटायच्या आतच अर्ध्यांची सँडविचं संपली. मग सुरू. गाईडबाई, बाथरूम कधी? गाईडबाई, तो एसी बंद करा, मान धरते. गाईडबाई, लग्न झालंय का तुमचं, माझा एक भाचा आहे, जरा टकला आहे पण स्वभावाने सोनं!

ड्रायव्हर उबाल्दो साठीचा आहे. बोलायला महाकंजूष. त्याने मला एकच नियम शिकवला, माणसं मोजल्याशिवाय गाडी हलत नाही. तेही नुसत्या नजरेने नाही, प्रत्येक सीटच्या पाठीला हात लावून मोजायचं. म्हणाला, पोरी, डोळे थापाडे असतात.

शेवटचं गाव तोरेस्पिना, उबाल्दोचं जन्मगावच. बस खाली तटाजवळ थांबते आणि वर जायला दोनशे बारा पायऱ्या. तिथे माझी खास गोष्ट ठेवली होती, मढ्याच्या दाराची. जुन्या घरांना मागच्या अंगाला एक अरुंद दार असतं. रस्त्यापासून कमरेइतकं उंच, पायरी नाही, एरवी विटांनी बुजवलेलं. घरात कोणी गेलं की विटा काढायच्या, शवपेटी तिथून बाहेर न्यायची आणि पुन्हा बुजवायचं. माईकवर घोगरा आवाज काढून म्हटलं, या दारातून जो गेला तो मेला, दार दुसरं काही जाणत नाही! बायका चित्कारल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, पण टाळ्याही मिळाल्या की. उबाल्दो तेवढा हसला नाही.

बुधवार, ९ एप्रिल

आज आईला बरोबर नेलं. सत्तरावा वाढदिवस, आणि चार नंबरची सीट रिकामी होती. पोरीने फुकटात उरकलं म्हणाली, पण खूश होती. सगळ्या बसला बडीशेपेची बिस्किटं वाटली आणि प्रत्येकाला सांगितलं, ही गाईड आहे ना, ती माझी ओर्नेल्ला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तोरेस्पिनात साडेचारला गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या! बाकीचे धावत खाली गेले. माझ्यासोबत उरले हळू चालणारे. आई, देर्ना आणि इओले या जुळ्या बहिणी, आणि गुडघा धरलेला निवृत्त पोस्टमन गुआल्तिएरो. पहिलं उघडं घर दिसलं त्यात घुसलो. ते निघालं डुक्कर कापणाऱ्या खाटकांचं, खाली दुकान, वर घर. म्हातारा तोरेल्लो सकाळी गेला होता, वर जपमाळ चालू होती, खाली कोणी नव्हतं. आणि आतल्या बोळाच्या टोकाला, तटाच्या बाजूला, ते दार, विटा काढून उघडं ठेवलेलं, आणि बरोबर खाली आमची बस!

पायऱ्या गारांनी निसरड्या झाल्या होत्या. उबाल्दोचे तास भरत आले होते, वेळेपलीकडे त्याला स्टिअरिंगला हात लावता येत नाही. मी डोकं चालवलं. काढलेल्या विटांचा ढीग दाराखालीच होता, त्याचीच पायरी केली. गुआल्तिएरो आधी उतरला आणि त्याने बहिणींना हात दिला. देर्ना म्हणाली, चला, मेले एकदाचे, आता पेन्शन बंद. हसून हसून पोट दुखलं. मग आई, शेवटी मी.

उबाल्दो बसमधून उतरला तोवर मी विटांवर होते. तो पांढराफटक पडला. एवढंच विचारलं, किती जण गेले त्यातून? पाच, मी म्हटलं. त्याने छातीवर क्रूस काढला. वरच्या खिडकीत काळ्या कपड्यातली एक म्हातारी उभी होती. मरणाच्या घरी हसलो हे बरं नाही झालं, माफी मागायला हवी होती. राहून गेलं.

बुधवार, १६ एप्रिल

दार अजून उघडंच. विटा रस्त्यावर विखुरलेल्या. खाटकांच्या दुकानाच्या शटरवर काळ्या फिती, एक नाही, दोन.

कॉफी पिताना उबाल्दो आपणहून बोलला, म्हणजे बघा. तोरेल्लोला पुरून आल्यावर मुलांनी, सेत्तिमियो आणि नाझारेनोने, दार बुजवलं. सकाळी सगळ्या विटा बाहेर पडलेल्या. पुन्हा बुजवलं, पुन्हा तेच. तीनदा. सोमवारी सेत्तिमियो हॅम टांगायला स्टुलावर चढला, स्टूल सरकलं आणि छताचा लोखंडी आकडा त्याच्या हनुवटीखालून आत गेला. दहा मिनिटं लटकत होता.

उबाल्दो म्हणाला, मढ्याच्या आधी जिवंत माणसं त्या दारातून गेली की दार त्यांची वाट बघतं. ती मेल्याशिवाय बंद होत नाही, आणि तोवर घरातलं एकेक खातं. मी म्हटलं, काका, माझ्या गोष्टीत असलं काही नाही. तर म्हणतो, तुझी गोष्ट अर्धी आहे, पोरी. तू पेरुजाची. आम्ही पाहुण्यांना अर्धीच सांगतो.

मला रागच आला. म्हातारपणी माणसं काहीही बडबडतात.

सोमवार, २१ एप्रिल

ईस्टरचा सोमवार. देर्ना गेली. गेली म्हणजे, मारली कोणीतरी. इओले चर्चमध्ये प्रार्थनेला गेली होती, तेवढ्या वेळात. स्वयंपाकघरात, कोकराचं मांस ओव्हनमध्ये होतं. डाव्या बरगडीखाली एकच बारीक भोक. चोराने काही नेलं नाही.

आईला मी फक्त वारली एवढंच सांगितलं.

बुधवार, २३ एप्रिल

दारात विटांची एक ओळ. एकच, तळाशी. पक्की बसलेली.

हात लावून पाहिला. चुना वाळलाय. मी उबाल्दोकडे बघितलं, तो टायर तपासत बसला.

आज माईकवर ती गोष्ट सांगितली नाही.

रविवार, २७ एप्रिल

इओले. बहिणीच्या कबरीवर फुलं ठेवायला गेली होती, भर दुपारी. तशीच. तेच भोक.

डुकराला असंच मारतात. लांब सळई, बरगडीखालून थेट काळजात, म्हणजे मांस खराब होत नाही. लहानपणी आजोळी पाहिलंय मी.

बुधवार, ३० एप्रिल

दोन ओळी.

मी दुकानात शिरले. ती खिडकीतली म्हातारी, आर्जिया, तोरेल्लोची बायको, गल्ल्यावर बसली होती. मी पाया पडायची बाकी होते. म्हटलं, आजी, चूक माझी आहे, मीच सगळ्यांना तिथून काढलं, गारा होत्या हो. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, ठाऊक आहे गं. कोणी रागावलंय का तुझ्यावर?

मग सॉसेजचा एक तुकडा हातावर ठेवला. खाऊन जा म्हणाली.

शनिवार, ३ मे

घडलं तसं लिहून ठेवते.

गुआल्तिएरोला सावध करायला गेले होते. मळ्यात शेंगा तोडत होता. हाक मारणार तोच वेलींमागून नाझारेनो आला, तोरेल्लोचा उरलेला मुलगा. अंगावर दुकानातला पांढरा एप्रन. मागून म्हाताऱ्याचे केस धरले, खाली पाडलं, छातीवर गुडघा दिला. गुआल्तिएरो ओरडतही नव्हता, नुसता पाय झाडत होता, शेंगांची अख्खी रांग पायांनी उपटली त्याने. मग सळई. एकदाच, मुठीपर्यंत. आवाज आला, भरल्या पोत्यात काठी घुसल्यासारखा. रक्त थोडंच आलं. पाय मात्र कितीतरी वेळ हलत होते.

मी बांधावरच उभी होते. त्याने पानाने सळई पुसली आणि मला बघितलं. अदबीने म्हणाला, बाई, घाबरू नका, आज एकच. चुना एकाच ओळीचा कालवलाय. मग म्हणाला, माझी पोर सहा वर्षांची आहे. दार उघडं राहिलं तर आता पाळी तिची. तुम्ही माझ्या जागी असता तर?

मी पळाले. देवा, मी नुसती पळाले.

रविवार, ४ मे

पोलिसांत गेले. साहेब म्हणाले, नाझारेनो काल दिवसभर चौकात हॅम कापत होता, चाळीस जणांनी तसं सांगितलंय, त्यात पाद्रीही आहेत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, तिन्ही मयत तुमच्याच बसमधले ना, बाई?

आईने सगळं माझ्याकडून काढून घेतलंच. रडेल वाटलं होतं. रडली नाही. विचारलं, त्या माणसाची मुलगी किती वर्षांची म्हणालीस?

सोमवार, ५ मे

नोकरी सोडतेय, फोन करून सांगितलं. घराला तीन कुलपं. पाचवा मजला. आईच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसते मी. काही झालं तरी आईला हात लावू देणार नाही. माझं काय व्हायचं ते होवो, आई वाचली पाहिजे. अतिशहाणी मी, मीच डोकं चालवलं होतं, आणि ती बिचारी वाढदिवसाला आली होती.

मंगळवार, ६ मे

आई आज छान बोलली. माझ्या केसांना तेल लावलं, मी नको नको म्हणत असताना. बिस्किटं भाजली. म्हणाली, तू सहा वर्षांची असताना विहिरीत पडणार होतीस, मी फ्रॉक धरला. म्हटलं, शंभरदा ऐकलंय, आई. हसली. तुला झोप नाही गं, म्हणाली, जरा पड, मी बसते दाराशी.

पडते थोडा वेळ.

बुधवार, ७ मे, दुपारी एक

आई नाही.

दुपार होईपर्यंत झोपले मी. कुलपं उघडी. टेबलावर बिस्किटांचा डबा आणि चिठ्ठी. ओर्ने, मी बोलून येते त्यांच्याशी. आईला आईचं कळतं. तुझ्याऐवजी मला घ्या म्हणेन. जेवून घे.

उबाल्दोला फोन केला. म्हणाला, हो, चार नंबरवर बसलीय, तोरेस्पिनाला पोचतोच आहोत. पोरीला बरं नाही, आज माणसं मी मोजते म्हणाली. मी ओरडले, उतरव तिला, उतरव! त्याने फोन ठेवला.

शेजाऱ्याची गाडी घेऊन निघाले. सिग्नलला थांबले की लिहितेय, नाहीतर डोकं फुटेल—

बुधवार, तीनच्या सुमारास

उशीर झाला.

उशीर झाला आई गं

दारात तीन ओळी होत्या. वरच्या फटीतून पेटी बाहेर येत होती, पाय पुढे. खाली गावातली माणसं खांदा द्यायला. बसचे पाहुणे टोप्या काढून उभे होते. त्यांना वाटलं गावातलीच मयत. एक बाई फोटो काढत होती. इथली जुनी पद्धत आहे म्हणे, नवऱ्याला समजावत होती.

मी पेटीवर पडले. झाकण ठोकलेलं. खिळ्यांत नखं घातली, नखं गेली. आत आई आहे, माझी आई आहे, ओरडत होते. लोक हळहळले. उबाल्दोनेच मला मागून धरलं. रडत होता नालायक. रडत रडत वर घरात घेऊन गेला आणि बाहेरून कडी लावली.

चारच्या सुमारास

बोळात आहे. हॅम टांगलेत डोक्यावर. पुढचं दार कुलूपबंद. मढ्याच्या दारात नाझारेनो चौथी ओळ रचतोय. वहीची हरकत नाही म्हणाला. लिहा, घाई नाही.

मी झडप घातली होती. विटेने मारलं त्याला, कपाळ फुटलं. त्याने नुसतं मनगट पिरगाळलं. मोडलंय बहुतेक. डाव्या हाताने लिहितेय.

आर्जिया खुर्ची घेऊन बसलीय. मी म्हटलं, आई माझ्याऐवजी आली होती. तिने सांगितलं होतं ना तुम्हाला? सांगितलं, म्हणाली. आईसारखी बोलली, आईसारखी गेली. अजिबात हातपाय झाडले नाहीत. पण अगं, ती स्वतःच गेली होती ना त्या दारातून. ती तिची गेली. तुझ्याऐवजी कुठून जाईल?

आईला हे कोणी सांगितलं का, विचारलं.

नाही, म्हणाली. शेवटच्या घडीला कशाला दुखवायचं. हसत गेली बघ.

हसत.

नंतर

वर त्याची पोर दोरीवर उड्या मारतेय. मोजतेय मोठ्याने. चुकते, पुन्हा एकपासून.

चौथी ओळ झाली. वर अजून फट आहे. एक माणूस आडवं जाईल एवढी. त्यातून बस दिसते. आता पाहुणे चढत असतील. चार नंबर रिकामी.

तो हात धुतोय. कपाळाचं रक्त पण. बाई, झालं का, विचारतो. एप्रनची गाठ पुन्हा—

म्हातारी उठली. वरचं दार लावून घे म्हणाली, पोरीला ऐकू नको जायला.

मला ऐकू येतोय तो खाली हॉर्न. उबाल्दो. थांबलाय. माणसं पूर्ण झाल्याशिवाय गाडी हलत नाही, त्यानेच तर शिकवलं. आई नाही, मी नाही, आता कोण मोजणार, कोण प्रत्येक सीटला हात लावून—