ताई एक, गावं दोन

शनिवार, दिवेलागण
रहिमतपूर

सुटले एकदाची! दुरुस्त प्रोग्राम बघून कॉलेजच्या मॅडमचा फोन आला, "आता ठीक आहे. सोमवारपासून आष्ट्याच्या दवाखान्यात प्रॅक्टिकमचं प्रत्यक्ष काम सुरू कर."

काल मात्र चाचणीतच घोळ झाला होता. माझा प्रोग्राम एकाच पेशंटच्या दोन दवाखान्यांतल्या नोंदी जुळवतो. चाचणीसाठी ताईचेच कागद घातले. ती पहिल्या बाळंतपणाला आलीय आणि येता-जाता लोणचं खातीय. प्रोग्राम म्हणतो, या दोन वेगळ्या बायका! तिकडं नवऱ्याचं नाव आणि सासरचं गाव, इकडं बाबांचं नाव आणि रहिमतपूर. सासरच्या नोंदीत प्रेशर वाढलेलं, मीठ कमी करा. इथल्या नोंदीत त्यातलं काहीच नाही. आणि हिचं लोणचं चालूच.

गावासाठी मी एकच रकाना ठेवला होता. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे मला कुणी शिकवायला हवं होतं? स्वतः बाई असून?

आज सकाळी सासर आणि माहेर असे दोन रकाने केले, मोबाईल नंबरही जोडला. ताई एकच झाली! दुपारी तिचं प्रेशर तपासून आणलं, आटोक्यात आहे. जीव भांड्यात पडला.

आईला कौतुकानं स्क्रीन दाखवली. तिनं त्यातलं 'मीठ कमी' तेवढं वाचलं. "मला कवा सांगणार हुतीस गं?" असं ताईला म्हणाली आणि लोणच्याची बरणी उचलून पार वरच्या फळीवर ठेवली.

ताई फळीकडं बघत मला म्हणाली, "तुजा आदीचा प्रोग्रामच लय बरा हुता."