चार नंबरची नळी पिवळी का पडली

बोरगाव मेघे, वर्धा
१२ जून १९५८

चि. कृष्णकांतभाऊजींना सुमतीवहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे. आईंचे गुडघे, तुमच्या दादांचं पित्त आणि मागची विहीर या तिघांच्या तक्रारी दर उन्हाळ्यात असतात तेवढ्याच आहेत. तुमचा खोकला गेला का? मफलर मी गळ्यात घालायला विणला होता, खुंटीवर टांगायला नव्हे, याची आठवण देते. विलायतेत खुंट्या असतात की नाही मला ठाऊक नाही, पण तुम्ही शोधून काढली असेलच.

तुमचं पत्र पोचलं आणि घरात आनंदीआनंद झाला. संशोधन सोडून ऑगस्टच्या बोटीने परत येतो, नागपूरला कुठे मास्तरकी मिळते का पाहतो, असं तुम्ही लिहिलंत. ही दुःखाची बातमी आहे हे आमच्या लक्षात यायला दोन दिवस लागले. आईंनी त्याच दुपारी वाढीव कुरडया घातल्या, दादांनी माडीवरच्या खोलीला चुना लावायला काढला (अर्धा स्वतःच्या धोतराला लागला), आणि शेजारच्या देवकाबाईंनी तर आर्वीची एक मुलगीही सुचवली. देवकाबाईंना मी तुमच्या कामाची सगळी माहिती दिली. म्हटलं, आता दवाखान्यात सुया-नळ्या उकळत बसायला नको. पाकिटात बंद करायच्या, वरून किरण सोडायचे, की आतले जंतू मरतात. पण जंतू कोण आणि प्लास्टिक कोण हे किरणांना कळत नाही, ते प्लास्टिकलाही झोडपतात. मग ते आधी पिवळं पडतं आणि नंतर कडक होऊन कटकन मोडतं. तसं होऊ नये म्हणून प्लास्टिक तयार करतानाच त्यात चिमूटभर मसाला घालायचा, आणि भाऊजी तो मसाला शोधताहेत. देवकाबाई म्हणाल्या, "मंग लोणचं खराब होऊ नये म्हणून वरून तेल टाकतो, तसंच ना वो?" तुमची तीन वर्षं बाईंनी एका वाक्यात आटोपली. मला राग आला.

तुम्ही पाठवलेल्या सहा नळ्यांचीही हकीकत सांगते. किरण खाऊन आलेल्या सहा नळ्या, प्रत्येकीत मसाला वेगळा. दोन नंबरचा तुमच्या प्रोफेसरांचा, चार नंबरचा तुमचा स्वतःचा. गरमीत त्या किती टिकतात हे पाहायला तिकडे पुरेसा उन्हाळा मिळेना म्हणून तुम्ही आमचा उसना घेतलात. बिस्किटांच्या डब्यात घालून अंधाऱ्या कपाटात ठेवायच्या, महिन्यातून एकदा वाकवून पाहायच्या आणि रंग लिहून कळवायचा, एवढंच माझं काम. तेवढंही या घरात सोपं नाही. पहिल्याच महिन्यात दादांनी सहा नंबरच्या नळीने दौतीतली शाई पेनात भरली. (तुम्हाला "किंचित निळसर" असं कळवलं होतं, ते हेच.) मग आईंना कळलं की नळ्यांवर किरण पडलेत. त्यांनी विचारलं, "किरणं म्हणजे नजरच ना एकापरी?" आणि मी हो-नाही म्हणायच्या आत डब्यावरून मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. मोहरी फार तडतडली. आई म्हणाल्या, "पाह्य, केवढी नजर होती!" त्यामुळे सहाही मसाल्यांना तुमच्या शास्त्राखेरीज हेही संरक्षण मिळालेलं आहे, ते हिशेबात धरावं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मार्चमध्ये मी लिहिलं, "नंबर चार अगदी हळदीसारखी पिवळी." माझ्या नेमक्या वर्णनाचं तुम्ही कौतुक केलंत, प्रोफेसरांना भाषांतर करून सांगितलंत, आणि तुमचा मसाला सगळ्यांत आधी हरला म्हणून यादीतून काढून टाकलात. ते वाचून मला फार वाईट वाटलं. पण तुम्ही घरी येणार याचा आनंद त्याहून मोठा होता, हेही कबूल करते. बाकी विशेष काही नाही.

तुमची वहिनी,
सुमती

ता. क. विशेष काही नाही असं वर लिहिलं, ते खरं नाही. गेल्या आठवड्यात तळेगावची शकुमावशी आली होती. परकराची नाडी ओवताना म्हणाली, "सुमती, थे तुह्या डब्यातली नळी दे ना. मीराच्या लग्नात लय कामी आली होती." मी विचारलं, कोणती नळी? तर म्हणाली, तिच्या मीराला इथे आपल्या घरी हळद लावताना परकराची नाडी निघाली, तेव्हा माझ्या डब्यातली एक नळी घेऊन मावशीने ती ओवली. हाताला हळद होतीच. काम झाल्यावर नळी पदराला पुसून जिथली तिथे ठेवली. (मावशी फार व्यवस्थित आहे.) लग्न फेब्रुवारीत झालं, आणि मार्चमध्ये मी हळदीसारखा पिवळा रंग पाहून हळदीसारखा पिवळा असं लिहिलं!

मी धावत जाऊन चार नंबरला साबण लावला, तर ती लालभडक झाली. मग दोन दिवस अंगणात उन्हात टाकली. (ऊन लावू नका असं तुम्ही बजावलं होतं, ठाऊक आहे. रागवा.) हळद उडाली. आता ती पाण्यासारखी स्वच्छ आहे आणि बोटाभोवती गुंडाळली तरी काही होत नाही. बाकीच्या पाची पिवळ्या पडल्यात, त्या हळदीने नव्हेत. प्रोफेसरांची दोन नंबर काल वाकवली तर कटकन मोडली. भाऊजी, तुमचा मसाला हरलेला नाही. या घराने तुम्हाला हरवलं होतं.

आणखी ता. क. हे पत्र लिहायला मी चार दिवस लावले, कारण तुम्ही घरी यावं असं मलाही वाटतं. शेवटी आईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडून झालेले तांदूळ त्यांनी पुन्हा सुपात घेतले. मग विचारलं, "म्हंजे थो येत नाई?" दादा हळूच म्हणाले, "आपण नाई सांगितलं तं कोणाले कळते?" त्यावर आई अशा कडाडल्या की दादा चुन्याची बादली घेऊन माडीवर निघून गेले. "माह्या पोराचं काही चुकलं नाई, अन् थो हरलो म्हणून घरी येऊन राह्यला? तसा आलेला मले पाह्यवणार नाई. लिही त्याले, हळद आपली होती."

तेव्हा एवढंच मागणं, की बोटीचं तिकीट रद्द करा. चार नंबर सोबतच्या पार्सलात आहे, ती प्रोफेसरांसमोर हवी तशी वाकवून दाखवा. गुडघे दुखत असूनही आई माझ्याबरोबर पोस्टापर्यंत येताहेत. म्हणतात, "पत्र माह्यासमोर पेटीत टाक. घरी राह्यलं तं मीच चुलीत घालीन."