आधी मुळाक्षरं

येलदरी,
दि. ६ जुलै २०२५, रविवार

चि. सौ. शालूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज सकाळी नळाला पाणी आलं नाही. धरणाच्या रस्त्याने फिरून आलो. नंतर जपानहून फोन आला, थोडा वेळ चालला. दुपारी झोप लागली नाही. दिवस एवढाच.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. आमच्याकडे फोनला रेंज फक्त ओसरीवर येते आणि तिथे तुझी वहिनी बसलेली असते. तिच्यासमोर काही बोलवत नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून पत्र.

आपला मल्हार तिकडे अपघातात गेला, त्याला आता दोन वर्षं होतील. सूनबाई नात्सुमी दर रविवारी फोन लावते, कोहारूला फोनपुढे बसवते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. पोरगी चार वर्षांची झाली. भरभर बोलते. आम्ही दोघं हसतो आणि माना डोलावतो. मोबाइलमधलं भाषांतर नात्सुमीच्या लेखी निरोपांपुरतं ठीक आहे, लहान पोराचं बोलणं त्याला कळत नाही. एकदा त्यात ‘आगगाडी ओली आहे’ असं आलं. तुझी वहिनी म्हणाली, ह्यापेक्षा न कळलेलं बरं.

म्हणून मी जपानी शिकायला घेतलं आहे. परभणीहून पुस्तक आणलं. मुळाक्षरांचे दोन तक्ते आहेत, शिवाय चित्रांसारखी अक्षरं वेगळी, ती तर हजारोंनी. पाटीवर गिरवतो. या वयात हात वळत नाही. पण मल्हारचं म्हणावं असं ती पोरगीच राहिली आहे. तिच्याशी दोन शब्द बोलता आले नाहीत तर मोठी झाल्यावर ती आम्हाला कशाला ओळखेल? हे कोणाला सांगू नकोस.

दाजी येडबारावांना नमस्कार. भावावरचा लोभ आहे तसा राहू दे.

तुझा दादा,
रामप्रसाद

पेडगाव,
दि. १९ जुलै २०२५

ती. दादा यांना शालूचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोस्टमनने दिलं तेव्हा गल्लीतल्या बायांना वाटलं, आमच्यावर कोर्टाची नोटीस आली. केशरबाई तर विचारायलाच आली, की कोणाशी भांडण झालं.

कोणाला सांगू नको म्हणालात, पण ह्यांना सांगितलं. मेंढरं वाड्यात कोंडून आले होते, भिजलेले होते, तरी तिथंच उभ्यानं हसायला लागले. म्हणाले, तुझा भाऊ मराठीतच दिवसाला चार शब्द बोलतो, त्याचं जपानी ऐकायला मी येलदरीला मुक्कामाला जातो. रागावू नका. नंतर तेच म्हणाले, की पाव्हण्याला ती भाषा यायलाच पाहिजे.

दादा, एक सांगू? पाटी बाजूला ठेवा. आमच्या अंगणवाडीतल्या लेकरांना एक अक्षर येत नाही, पण दिवसभर तोंड बंद नसतं. पोरगी जे बोलते ते आधी शिका. तुम्ही आपले मास्तरांसारखे अक्षरं घोटत बसाल आणि तोवर ती लग्नाला येईल.

वहिनी जेवतात का नीट? मागच्या खेपेला लय वाळल्या होत्या. तुमची दोघांची काळजी वाटते. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची शालू

येलदरी,
दि. २२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. शालूस,
आशीर्वाद. वि. वि.

दोन्ही तक्ते पाठ झाले. शब्दांना अजून हात लावलेला नाही. तू म्हणतेस ते पटतं, पण मला जमत नाही. शाळेत जसं शिकलो तसंच शिकता येतं. अक्षरं पक्की झाल्याशिवाय पुढचं पान उलटवत नाही. इतकं कळलं, की त्यांचंही क्रियापद आपल्यासारखं शेवटी येतं. बरं वाटलं.

काल सर्वपित्री अमावास्या होती. तुझ्या वहिनीने मल्हारचं ताट केलं. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, आणि त्याला आवडायचं म्हणून पिठलं. पाटापुढे ताट वाढून ठेवलं तेवढ्यात फोन आला. वहिनीने फोन ताटाकडे फिरवला. पोरगी एकदम खुश झाली. टाळ्या वाजवल्या, ताटाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. वहिनी मल्हारचं नाव घेऊन मान डोलावत राहिली. मीही डोलावली. पोरगी फोनला नाक लावून आमच्या दाराकडे बघत होती.

इतक्या दिवसांत ती अशी हसली नव्हती. वहिनी म्हणाली, रक्ताला सगळं कळतं, भाषेचं काय घेऊन बसलात. रात्री ती दोन भाकरी जेवली.

तुझा लोभ आहेच, कमी करू नकोस.

तुझा दादा

येलदरी,
दि. ८ डिसेंबर २०२५

चि. सौ. शालूस,
आशीर्वाद. वि. वि.

परवा पुस्तकातला कुटुंबाचा धडा सुरू केला. मुलं वडिलांना ‘ओतोसान’ म्हणतात. पुढच्या पानावर ‘दोको’, म्हणजे कुठे. हे दोन शब्द मी दर रविवारी ऐकत आलो आहे. शालू, पोरगी विचारते, बाबा कुठे आहेत. आणि आम्ही हसून माना डोलावतो.

काल कान देऊन ऐकलं. बाबा तिथेच आहेत ना, असं विचारून ती बघत राहिली. वहिनीने मान डोलावली. मीही डोलावली. आजवर न कळता डोलावली होती. काल कळून डोलावली.

नात्सुमीला निरोप लिहून विचारलं. तिने लिहिलं, की पोरीला खरं सांगायला तिची जीभ रेटली नाही. बाबा त्यांच्या आईवडिलांच्या गावी गेलेत, असं तिने सांगून ठेवलं आहे. आम्ही मान डोलावतो ते ती स्वयंपाकघरातून बघत होती. तिला वाटलं, आम्हीही समजून सांभाळून घेतोय. त्याबद्दल तिने माझे आभार मानले आहेत. अमावास्येच्या ताटाबद्दलही. पोरगी शाळेत जाईपर्यंत असंच राहू द्या म्हणते.

तुझी वहिनी विचारते, काय म्हणते पोरगी. मी सांगतो, जेवलात का विचारते. काय करावं ते सुचत नाही. तुझं मत कळव.

तुझा दादा

पेडगाव,
दि. १७ डिसेंबर २०२५

ती. दादा यांना सा. न. वि. वि.

पत्र वाचून अंगणवाडीतच रडू आलं. लेकरं गप झाली.

ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावतोच की आपण, विसरतं ते. मी म्हणाले, कोकरू तोंडाने विचारत न्हाई. मग ते उठून बाहेर गेले, जेवलेही नाहीत.

माझं मत म्हणाल तर सकाळी एक असतं, संध्याकाळी दुसरं. खोटं सांगून त्या लेकराला कुठवर थांबवणार? आणि खरं सांगून फोनच बंद झाला तर तुम्ही दोघं काय करणार? पण दादा, वहिनीला अंधारात ठेवू नका. आई आहे ती. तिला आधी सांगा, मग दोघांनी मिळून ठरवा. मी येऊ का? एक हाक द्या.

स्वतःला जपा. तुम्ही बोलत नाही म्हणून जास्त भीती वाटते.

तुमची शालू

येलदरी,
दि. ११ जानेवारी २०२६, रविवार

चि. सौ. शालूस,
आशीर्वाद. वि. वि.

वहिनी तुझ्याकडे येऊन आठवडा झाला, पण काही सांगत नाही असं तू लिहितेस. म्हणून मी लिहितो.

तू म्हणालीस तसं तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गहू निवडत राहिली. मग म्हणाली, त्या लेकरापाशी तरी माझा मल्हार जिता हाय, त्याला मारणारे तुमी कोण? फोनवर तोंड उघडायचं नाही, असं तिने बजावलं. मी कबूल झालो.

अठ्ठावीस डिसेंबरला फोन आला. पोरीने विचारलं. वहिनीने मान डोलावली. माझी मान हलली नाही. मग पोरीने वहिनीला सोडून मलाच विचारलं. मी म्हणालो, इथे नाहीत. तिने विचारलं, मग कधी येणार. पुढचं वाक्य मला पाठ होतं. बाबा वारले, आता येणार नाहीत. मी ते म्हणालो. सहा महिन्यांत मी तिच्याशी पूर्ण बोललेलं ते पहिलंच वाक्य.

ती रडली नाही. फोन आडवा पडला. त्यांच्या घराचं छत दिसत राहिलं. मग नात्सुमीचा आवाज आला आणि फोन बंद झाला. दोन दिवसांनी तिचा निरोप आला. पोरगी फोनपुढे बसायला तयार नाही, सध्या फोन नको. मागच्या रविवारी आला नाही.

वहिनी निघताना एवढंच म्हणाली, तुमी शिकला नसता तर ती अजून हसत असती. पोरीला खरं कळावं म्हणून मी बोललो, की मला सोसवलं नाही म्हणून, हे माझं मलाच माहीत नाही.

वहिनीवर जोर करू नकोस. राहील तितके दिवस राहू दे. तिला रात्री दूध लागतं. माझी काळजी नको, भाकरी थापता येते. तुम्हा सगळ्यांचा लोभ असू दे, एवढंच मागणं.

पूर्वी रविवारी या वेळेला मी ओसरी सोडत नसे. पीठ संपलं आहे. हे पत्र पेटीत टाकून तसाच दळण घेऊन गिरणीवर जातो. फोन घरीच ठेवतो.

तुझा दादा,
रामप्रसाद